बाकावरची उजळणी

वैशालीचे कागद पाहून माझं डोकंच चक्रावलं. बारा शब्द वाचून दाखवायचे, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग आठवतील तेवढे विचारायचे, अशी ती साधी स्मरणशक्तीची टेस्ट. आमच्या सायकॉलॉजीच्या हुशार पोरींनाही सगळे शब्द जमत नसत. आणि इथे घाटकोपरच्या दवाखान्यातल्या, वर्षानुवर्षं संधिवाताने गांजलेल्या बायका एकही चुकत नव्हत्या!

वैशाली टीवायबीएला माझी विद्यार्थिनी. तिलाही लहानपणापासून तोच आजार. दुखणं वाढलं की बोलताबोलता शब्द सुचत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, असं ती सांगे. ऐंशीच्या दशकात या तक्रारीला आमच्याकडे धड नावही नव्हतं. आमचे हेड म्हणत, "सांधे गुडघ्यात असतात, डोक्यात नाही. अभ्यास टाळायचे बहाणे." म्हणून तिने हट्टाने प्रोजेक्टला हाच विषय घेतला होता.

"मॅडम, सरच बरोबर होते," ती म्हणाली. "आजाराचं काही नाही. मीच ढ आहे."

मला सरांचा राग आला आणि तिचाही.

पुढच्या खेपेला मी सोबत गेले. ती आत टेस्ट घेत होती, मी बाहेर बाकावर बसले. एक बाई बाहेर आली आणि शेजारणीच्या कानाला लागली. कुलूप, पितळ, चिंच, पायरी... शेजारीण, पेडणेकर मावशी, बोटांवर घोकत होत्या. हे काय चाललंय, असं मी विचारलं. मावशी अजिबात ओशाळल्या नाहीत.

"चेडू पास होवक व्हया ना!" त्यांनी मलाच झापलं.

पोरीची परीक्षा आहे, आपण चुकलो तर ती नापास होईल, असा सगळ्यांचा समज. मी कपाळाला हात लावला आणि वैशालीला बाहेर बोलावलं. तिने त्यांना समजावलं, की तुम्ही जे विसरता तेच मला हवंय. परवा मला माझ्याच मैत्रिणीचं नाव आठवेना, हेही सांगितलं.

मग मावशी हळूच म्हणाल्या, "मी गॅसवर दूध ठेवून विसरते गो. सुनेला सांगत नाही. स्वयंपाकघरातून उठवील मला."

नव्या शब्दांनी टेस्ट पुन्हा झाली. मावशींना निम्मेही सांगता आले नाहीत. "नाय आठवत," त्या सरळ म्हणाल्या. वैशालीने ते लिहून घेतलं आणि डोळे पुसले. बहुतेकींचं तसंच झालं, सगळ्यांचं नाही.

माणसं फार थोडी घेतलीत, असा शेरा मारून हेडनी प्रोजेक्ट पास केला. बहाणा हा शब्द मात्र पुन्हा काढला नाही. वैशालीने स्वतःला ढ म्हणायचं सोडलं.

तेव्हापासून कुठलीही टेस्ट घेण्याआधी मी सांगते, यात कुणी पास-नापास होत नाही. कुणाचाही विश्वास बसत नाही. म्हणून दर माणसाला शब्द बदलते.