वस्तऱ्याची पथरी

लग्न होऊन मी धुळ्यात आले तेव्हा सासऱ्यांची नजर अधू होत चालली होती. आमचं घर न्हाव्याचं. धंदा नवऱ्याने सांभाळला होता, पण वस्तऱ्याला धार लावायचा दगड सासरे अजून स्वतःच राखत. त्या दगडाला आमच्याकडे पथरी म्हणत. हिरवट करडी, वीतभर लांब, साबणासारखी गुळगुळीत. सासऱ्यांच्या वडिलांनी ती सातपुड्याकडच्या एका नाल्यातून आणली होती आणि तसा बारीक कणाचा दगड पुन्हा कुणाला सापडला नाही.

रोज वस्तरा घासून पथरी मधे खोल होते. नुसतं बघून ते कळत नाही. पण तशा पथरीवर वस्तरा पूर्ण टेकत नाही, धार कुठे लागते, कुठे लागत नाही, आणि कातडीवर तो ओढतो. म्हणून ती अधूनमधून सपाट करावी लागते. नजर गेल्यावर सासऱ्यांनी ते काम मला शिकवलं. परसात एक मोठी फरशी होती. तिच्यावर फडक्यातून गाळलेली पांझरा नदीची वाळू पसरायची, पाणी शिंपडायचं, पथरीवर कोळशाच्या आडव्या रेघा ओढायच्या आणि ती पालथी घालून गोल गोल घासायची. दोन्ही टोकांच्या रेघा आधी जातात. मधली रेघ शेवटी जाते. ती पुसली की पथरी सपाट झाली. मग खूप पाण्याने धुवायची, कारण वाळूचा एक कण राहिला तरी धार तुटते. आणि वाळवायची ती सावलीत.

परसाला उंच भिंत होती. विहीर आतच. सणासुदीखेरीज मी उंबरा ओलांडत नसे. पथरी घासताना मला बरं वाटायचं, कारण स्वयंपाकाखेरीज माझ्या हातात असलेलं ते एवढंच काम होतं. त्या वस्तऱ्याने कुणाकुणाची डोकी भादरली जातात, याचा विचार मी केला नव्हता.

आमच्या वहिवाटीत, म्हणजे पिढीजात गिऱ्हाइकांत, एका वकिलांचं घर होतं. त्यांची धाकटी सून विधवा झाली. माझ्याच वयाची. तिचं केशवपन करायला नवरा दर महिन्याला जायचा. एकदा तो परत आला आणि जेवायला बसला नाही. म्हणाला, “पुढला खेपले तू चाल. ती पोर हालस. कोणी धरनारं पाहिजे. घरना बाया सोवळामा ऱ्हातस, हात लावतस नही.”

म्हणून मी गेले. वकिलांच्या मागच्या पडवीत ती लाल अलवण नेसून बसली होती. वकिलांच्या आई दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “डोकं घट्ट धर गं. मागल्या खेपेला वस्तरा लागला होता तिला.” मी धरलं. माझ्या तळहातांत तिच्या कानशिलाच्या शिरा उडत होत्या. वस्तरा छान चालला, पथरी आदल्याच दिवशी घासली होती. तिने ओठ मिटून घेतले होते. केस इतके आखूड होते की खाली पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

असे काही महिने गेले. एकदा वकिलांच्या आई आत गेल्या आणि नवरा विहिरीवर हात धुवायला गेला, तेव्हा ती मला म्हणाली, “वस्तऱ्याला धार तुम्ही लावता का?”

“धार ते लावतात. मी दगड घासते.”

“मग नका ना घासू.”

एवढंच बोलली. वकिलांच्या आई परत आल्या आणि ती मान खाली घालून बसली.

घरी येऊन मी पथरी न घासताच कोनाड्यात ठेवून दिली. पुढच्या महिन्यात वकिलांकडे जायच्या वेळी नवऱ्याने ती हातात घेतली, बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. “पथरी तशीच शे.”

“हो,” मी म्हटलं. “तिले नको शे.”

त्याने पथरी पुन्हा कोनाड्यात ठेवली. मग म्हणाला, “आबाले काय सांगसूत?” त्याला काळजी आबांची, म्हणजे सासऱ्यांची, होती. तरी त्याने वकिलांकडे जाऊन सांगितलं की पथरी बिघडली, वस्तरा लागेल, पोरीला जखम होईल. त्यांनी ऐकलं. पुढच्या महिन्यातही ऐकलं. मी त्या वेळी सोबत गेले होते. तिच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आले होते आणि ती पदराखाली हात घालून ते पुन्हा पुन्हा चाचपत होती.

मग वकिलांचा निरोप थेट सासऱ्यांकडे आला. त्यांनी पथरी मागितली, मांडीवर घेतली आणि अंगठा लांबीने फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण मधला खड्डा त्यांना लगेच लागला. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, “उद्या दुसरा न्हावी जाई. मंग ती पोर काय सुटी जाई?”

ते उठले, चाचपत परसात गेले आणि फरशीवर वाळू टाकून स्वतःच पथरी घासू लागले. रेघा कुठे उरल्या ते त्यांना दिसत नव्हतं. पथरी एका बाजूला झिजत चालली. नवरा दारात उभा होता, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी मी पुढे झाले, सासऱ्यांच्या हातातून पथरी घेतली आणि मधली रेघ जाईपर्यंत घासली.

दुसऱ्या दिवशी मी डोकं धरायला गेले. ती हलली नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही जात राहिलो. तिला धरावं लागेना, तरी मला बोलावणं असायचं. मी भिंतीशी बसायची. कधी ती विचारायची, बाजारात सीताफळं आली का? मी म्हणायची, मीही बाजारात जात नाही, वहिनी.

सासरे गेले. वकिलांच्या आई गेल्या. वकील स्वतः म्हातारे झाले आणि एक दिवस नवऱ्याला म्हणाले, “आता नको येत जाऊ. काळ बदलला.” आम्ही निघालो, तर आतून तिनेच निरोप पाठवला की एवढ्या महिन्यापुरतं डोकं करून जा. नवरा पडवीत गेला, पण त्याने हत्यारांची धोकटी उघडली नाही. “माले जमाव नही,” म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मी आतच थांबले. ती म्हणाली, “अहो, केस वाढले तर मी त्यांचं करू काय? घरातल्या पोरी हसतील.”

वर्षभराने तिने मला एकटीलाच बोलावलं. केस मानेपर्यंत आले होते, निम्मे पांढरे. तीच पडवी, तेच अलवण. तिच्यासमोर तेलाची वाटी होती. म्हणाली, “किती लावायचं असतं, ते आठवत नाही मला.” मी तळहातावर तेल ओतलं. तशी ती म्हणाली, “आधी दार लावून घ्या.” मी उठून दार लावलं.