आईंचा एकच चुकलेला हप्ता

"या खोलीचं भाडं पंख्यासकट हाय, का पंख्याचं वेगळं लागते वं?" धंतोलीच्या दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असताना आईंनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. "सकट हाय," मी म्हटलं. "मग राहू दे चालू," म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची मुलगी तोंडाला पदर लावून हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते, तेव्हा हे दवाखान्यातून परत आले आणि दारातच उभे राहिले. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, का लावलं कोण जाणे... त्याला आता सात आठवडे झाले.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूयाबाई. पाचपावलीतल्या विणकराच्या घरात त्या सून म्हणून आल्या आणि तिशी ओलांडायच्या आत विधवा झाल्या. सासरे मागावर बसल्या जागी गेले. मागे राहिलं ते अर्धवट विणलेलं लुगडं, माग आणि सात वर्षांचा एक मुलगा, म्हणजे आमचे हे. माग विकावा लागला. मग दुसऱ्यांच्या मागांसाठी कांड्या भरून, म्हणजे दिवसभर चरख्यावर सूत गुंडाळून देऊन, आईंनी ह्यांना मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि ह्यांना सरकारी कचेरीत नोकरी लागल्यावरच चरखा माळ्यावर टाकला. मी आले ती काटोलहून, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरातून. आमच्याकडे पैसा बहाराबरोबर यायचा आणि देणीही बहाराबरोबरच फिटायची. किराणेवाला, कापडवाला, डॉक्टरसुद्धा "माल निघाला की देतो" एवढ्या शब्दावर थांबायचे आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. तारखेला पैसे भरले नाहीत म्हणून काही बिघडतं, हे मी लग्नाआधी पाहिलंच नव्हतं.

आईंच्या घरात पहिल्या आठवड्यातच माझे डोळे उघडले, म्हणजे उघडे ठेवावे लागले, कारण उजेडच तेवढा होता. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या भिंतीला वीतभर झरोका पाडून त्यात चाळीसचा एक बल्ब लावला होता. एका बल्बात दोन खोल्या. मी भाजी निवडायचे त्याच उजेडात पलीकडे हे पेपर वाचायचे आणि मी मध्ये डोकं घातलं की पेपरवर सावली पडून ओरडायचे. स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. लाकडाच्या आरागिरणीतून भुशाचं पोतं यायचं, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून तो भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली अलगद ओढून घ्यायची. माझ्या हातून पहिले पंधरा दिवस तो भुसा रोज ढासळला. "माय वं, तुले काटोलले काय फक्त संत्रंच सोलाले शिकवलं का?" असं म्हणत आई पुन्हा बाटली रोवून द्यायच्या. एकदा ती शेगडी पेटली की वरण, भाजी, भाकरी आणि शेवटी आंघोळीचं पाणी, सगळं ओळीनं व्हायचं. कपड्यांना इस्त्री म्हणजे गादीखाली घडी. विजेचं मीटर दाराच्या वर होतं. बाहेरून आल्या की आई आधी मान वर करून त्याची चकती बघायच्या आणि ती कोणत्या वेगानं फिरते त्यावरून घरात काय चालू आहे ते ओळखायच्या. मला याचा भयंकर राग यायचा. माहेरी गेले की मी नकला करून दाखवायचे आणि सगळे पोट धरून हसायचे.

पण या बाईनं एका गोष्टीत कधी काटकसर केली नाही. ह्यांच्या नावावर आयुर्विमा होता. नोकरी लागल्याबरोबर आईंनीच तो काढायला लावला होता. वर्षाचा हप्ता एकदम भरला की थोडी सूट मिळते, म्हणून महिन्याला भरायचं नाही, वर्षभर पितळी डब्यात साठवायचं आणि मे महिन्यात एकदाच भरायचं, असा त्यांचा शिरस्ता. घरात चहाची साखर संपली तरी त्या डब्याला हात लागत नसे. गल्लीत त्यांचा मोठा तोरा होता की अनसूयाबाईची तारीख कधी चुकत नाही. शेजारणी आपापली बिलं घेऊन त्यांच्याकडे यायच्या, कोणतं आधी भरावं ते विचारायला.

आमच्या लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा. मुलगी पाच महिन्यांची, तिच्या अंगभर घामोळ्या, आणि पत्र्याखालची आमची खोली दुपारी नुसती भाजून काढायची. आई महिनाभरासाठी उमरेडला भावाकडे लग्नाला गेल्या. जाताना डबा आणि नोटीस माझ्या हातात दिली. "पंधरा तारखेच्या आत भरून ये. याले सांगू नको, हा विसरभोळा हाय." मी हो म्हटलं. आणि आई गेल्याच्या चौथ्या दिवशी इतवारीच्या बाजारातून वाळ्याच्या ताट्यांचा टिनाचा कूलर घेऊन आले. मला त्यात काही चोरी वाटली नाही, हे आज खरं सांगते. ह्यांच्या महागाई भत्त्याची थकबाकी जूनमध्ये मिळणार होती, ती आली की हप्ता भरू, विमावाले काय महिना-दोन महिने थांबणार नाहीत? माझ्या बाबांसाठी सगळं काटोल थांबायचं. ह्यांना मी सांगितलं की कूलर बाबांनी नातीसाठी पाठवला. आई परत आल्या तेव्हा उंबरठ्यातच मीटरकडे बघून म्हणाल्या, "काय लावून ठेवलं वं घरात?" त्यांनाही तेच सांगितलं. त्या कूलरसमोर गेल्या, झोपलेल्या नातीच्या अंगावरच्या घामोळ्या बोटानं चाचपून पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बरं केलं भाऊनं." माझ्या बाबांना त्या भाऊ म्हणायच्या. हप्त्याचं विचारलं तेव्हा मी भरला म्हणून सांगितलं. पावती मागितली नाही. माझ्यावर विश्वास होता.

थकबाकी जूनऐवजी गणपतीत मिळाली आणि मुलीच्या आजारपणात गेली. नंतर मी रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज भुसा भरून झाला की हिंमत संपायची. दिवाळीनंतर बाबा एसटीनं आले, सोबत संत्र्याची करंडी. आईंनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कूलरनं लेकराचा उन्हाळा निभला बाप्पा."

"कोणता कूलर?" बाबा म्हणाले.

मी दाराशी उभी होते. आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग करंडीकडे, आणि बाबांना म्हणाल्या, "काही नाही. जेवाले बसा." बाबांना त्यांनी आग्रह करकरून वाढलं, एसटीपर्यंत पोचवायला ह्यांना पाठवलं आणि मग माझ्यासमोर बसल्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं की पुढच्या पगाराला भरून टाकू. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर आई मला घेऊन विम्याच्या कार्यालयात गेल्या.

खिडकीतल्या बाबूनं कागद उलटेपालटे केले. म्हणाला, सहा महिने उलटून गेले, विमा बंद पडलाय. तीन वर्षं पुरी झाली असती तर काहीतरी हाती राहिलं असतं, तुमची दोनच झाली. आता पुन्हा चालू करायचा तर डॉक्टरचा दाखला लागेल, आणि मग वरचे लोक ठरवतील घ्यायचा की नाही. बोलता बोलता त्यानं कागद आमच्याकडे फिरवला. वारसदाराच्या रकान्यात आईंचं नाव खोडून माझं लिहिलं होतं. लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांनी ते बदलून घेतलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर कडुनिंबाखाली आई टेकल्या. "तुले वाटलं, माया पोराच्या नावाचे पैसे होते," त्या म्हणाल्या. "त्याचे नव्हते वं. तुये होते. याचा बाप गेला तवा मायापाशी काही नव्हतं. तुयापाशी असावं म्हणून मी भरत होती." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

घरी ह्यांना दाखल्यासाठी डॉक्टरकडे जायचं कारण सांगणं भाग होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाल्या, "मीच विसरली गा भराले. उमरेडच्या लग्नाच्या धांदलीत राहून गेलं." हे आधी चकित झाले, मग हसले. "आई, तू आणि विसरली?" म्हणाले. आई मान खाली घालून भुसा ठासत राहिल्या. आणि मी... मी गप्प बसले. पुढे गल्लीतही ते पसरलं. मग शेजारणी बिलं घेऊन येताना गालात हसू लागल्या.

धंतोलीच्या डॉक्टरांनी ह्यांची लघवी तपासली तर साखर निघाली. वय एकोणतीस. पुढचे तीन आठवडे विमा मिळतो की नाही या घोरात गेले. आई रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायच्या. शेवटी पत्र आलं, विमा मिळाला, पण हप्ता वाढवून. एक बाई मला परवाच म्हणाल्या, बघा, त्या निमित्तानं साखर तरी वेळेत कळली. मी स्वतःला तसं समजावून पाहिलं आहे, नाही असं नाही. पण वाढलेल्या हप्त्यासाठी आईंनी माळ्यावरचा चरखा पुन्हा खाली काढला आणि पन्नासाव्या वर्षी शेजाऱ्याच्या मागासाठी कांड्या भरायला बसल्या, ते डोळ्यांसमोर आलं की ती समजूत काही टिकत नाही. मीही शेजारी बसून शिकले. सूत तुटायचं, त्या जोडून द्यायच्या. त्या दुपारी आम्ही दोघी पुष्कळ बोललो, माहेरची, सासरची, नवऱ्यांची गाऱ्हाणी. चुगल्यासुद्धा केल्या. त्या विषयावर मात्र एक अक्षर नाही. कूलर विकू का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काहून? लेकराले काय घामोळ्या येनं बंद झालं?" कूलर राहिला. फक्त त्यातला पाण्याचा पंप त्यांनी बंद ठेवायला लावला, ताट्यांवर मगानं पाणी आम्हीच मारायचो.

यंदा त्या गेल्या त्या मे महिन्यातच. पाचव्या दिवशी हप्त्याची तारीख होती. घरात पाहुणे, सुतक. मी चपला घातल्या तशी ह्यांची चुलत आत्या म्हणाली, "सुतकात कुठं निघाली वं? दोन दिवसानं काय बिघडते?" हे भिंतीला टेकून बसले होते. डोळे सुजलेले. म्हणाले, "जाऊ दे तिले. आईचंच काम हाय." आणि मग आत्याकडे बघून केविलवाणं हसले. "साऱ्या जन्मात एकच हप्ता विसरली होती बिचारी. मी तिले त्यावरून किती चिडवलं..."

पंधरा वर्षं मी ते चिडवणं ऐकत आले होते. त्या दिवशी ऐकवेना. आल्यागेल्यांच्या देखत मी म्हटलं, "आई नव्हत्या विसरल्या. पैसे मायापाशी दिले होते. त्याचा कूलर मी आणला. बाबांनी नाही दिला. तुम्हाले कळू नये म्हणून त्यांनी आपल्या अंगावर घेतलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावतील, असं मला वाटलं. रागावले असते तर मला बरंच वाटलं असतं. पण ते आत्याकडे वळले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला. "ऐकलं ना, आत्या? आई विसरली नव्हती." मग शेजारच्या काकूंकडे वळून तेच पुन्हा सांगितलं, आणि दारात नुकत्याच आलेल्या माणसालाही. मी पैसे पदरात बांधले आणि उन्हात हप्ता भरायला निघाले.