न झालेल्या लग्नाचा साक्षीदार

कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. एका लग्नात मी पोटभर जेवलो, नाचलो, आणि पुढे शपथेवर सांगून आलो की ते लग्न झालंच नाही.

पास्कल माझ्याबरोबर माथेरानच्या हॉटेलात स्वयंपाकी. बायकोशी त्याचं पटलं नाही, ती माहेरी गेली, कोर्टातून रीतसर घटस्फोट झाला. आता त्याला दुसरं लग्न करायचं होतं, तेही चर्चमध्येच. मला म्हणाला, "चर्चच्या कोर्टात साक्षीला चल."

"कोर्टानं सोडवलं ना रं तुला?"

"ते सरकारी. आमच्यात घटस्फोट नसतो. पयलं लग्न मुळात झालंच नवतं, असं ठरावं लागतं. कुणाला पटलं नाय तर वरच्या कोर्टात अपील, तिथनं पार रोमला."

आता मला सांगा, पोशीरसारख्या खेड्यातल्या माणसानं याचा काय अर्थ घ्यावा? म्हटलं, मित्रासाठी एवढं खोटं बोलू.

मुंबईला बिशपच्या कचेरीत गेलो. पास्कलला बाहेरच बसवलं. आत तीन फादर. एक न्यायाधीश, एक लिहून घेणारे, आणि तिसरे लग्नाचे वकील. नवऱ्याचे नाहीत, बायकोचे नाहीत, लग्नाचे. लग्नाची बाजू मांडायची एवढंच त्यांचं काम. माझं डोकं तिथेच गरगरायला लागलं.

खरं सांगेन अशी शपथ झाली. न्यायाधीश फादरांनी विचारलं, "या लग्नाबद्दल काय माहीत आहे?"

"नाय झालं."

"काय नाही झालं?"

"लग्न. आमी कुणी गेलोच नाय."

लग्नाच्या वकिलांनी फाईलमधून एक फोटो काढून शांतपणे माझ्यापुढे सरकवला. चर्चच्या दारात नवरा-नवरी, आणि त्यांच्यापुढे दोन्ही हात वर करून नाचतंय कोण? मी.

माझं खोटं पोशीरहून रोमला निघालेलं मला दिसायला लागलं. "फादर, पास्कलच बोलला, झालं नवतं म्हणून." बोललो आणि कळलं, आता मित्रालाच गोत्यात घातला.

न्यायाधीश फादरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, सोहळा झाला हे कुणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, त्यानं 'हो' म्हटलं ते मनानं, की कुणाच्या धाकानं?"

"असं होय? मग धाकानंच की. बाप बोलला व्हता, लग्नाला उभा राहिला नाय तर घरात पाय ठेवायचा नाय. लग्नाच्या सकाळी हा पळालाच व्हता."

"मग चर्चमध्ये आला कसा?"

लिहिणारे फादर पेन धरून थांबले.

"शेलू स्टेशनातनं धरून आणला. मोटारसायकलवर. मागनं त्याच्या काकानं आवळून धरलेला."

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

"मीच."

काही महिन्यांनी निकाल लागला. ते लग्न ग्राह्य नाही. पास्कलनं केक आणला आणि कागद मोठ्यानं वाचून दाखवला. जबरदस्ती कुणाकुणाची, तिथं त्याच्या बापानंतर पहिलं नाव माझं.