आषाढातल्या मुंग्या

ख्वाजा मुल्लाणी एकतीस वर्षे कसबा बावड्याच्या गुऱ्हाळांवर गुळव्या आहे. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळणारा उसाचा रस नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा, हे ठरवणारा तो गुळव्या. आधी उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. ख्वाजा रसाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि हात वर करतो. त्या हातावर मालक अमरसिंह डोळे मिटून विसंबत.

यंदा हंगाम लागला आणि तेच तळहात फारच जळू लागले. तळपायांची तीच गत. तोंडात दिवसभर गोडसर चव. ख्वाजाने सगळं धंद्याच्या खाती टाकलं. चुलवाणाशी उभं राहिल्यावर हात भाजणारच, आणि दर काहिलीचा गूळ चाखल्यावर तोंड गोड राहणारच. बायकोने, नजीराने, मोरीत तो लघवीला बसतो त्या कोपऱ्यातल्या मुंग्या दाखवल्या, तर म्हणाला, "गुळव्याच्या घरात मुंग्या न्हाईत तर काय उंट येणार?"

मग एका सकाळी जळजळणाऱ्या बोटांना गोळी मऊ की कडक ते कळेना. त्याने दुसरा थेंब घेतला. तेवढ्यात रसाचा रंग चढला आणि अख्खी काहिल काळी पडली. अमरसिंह स्वतःच ती काहिल रिकामी करायला लागले. ख्वाजाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नजीराने त्याला वैद्य संयोगिता यांच्यासमोर बसवलं.

"चाचा, गुऱ्हाळ बंद कधी असतं?" नाडी बघता बघता त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात."

"तेव्हा हे सगळं थांबतं?"

"थांबतंय की."

"खोटं कशाला बोलताय?" नजीरा म्हणाली. "आषाढात मोरीला चुना टाकलाय मी. मुंग्या हुत्या. घरात तवा गुळाचा खडाबी न्हवता."

चुलवाण थंड, गूळ नाही, तरी तोंड गोड होतं. हे ख्वाजालाही आठवलं.

"रोग एका दिवसात होत नाही, चाचा," संयोगिता म्हणाल्या. "दोष आधी साठतो, मग खवळतो, मग अंगभर पसरतो. मग एखाद्या कमजोर जागी ठाण मांडतो. तुमच्या ह्या खुणा त्या टप्प्यावरच्या आहेत. त्यानंतर रोग उघडा होतो. आमच्या ग्रंथांत त्याला प्रमेह म्हणतात, तुम्ही साखर म्हणता. उद्या उपाशीपोटी रक्त तपासून या."

"आन् उघडा झालाच आसंल तर?"

"सांभाळला नाही तर पुढं बोटं बधिर होऊ शकतात."

रक्त दिल्यावर संध्याकाळपर्यंत ख्वाजा अंगठा प्रत्येक बोटावरून फिरवत राहिला. सगळ्या बोटांना स्पर्श कळत होता. तरी तो पुन्हा पुन्हा बघत होता.

संयोगितांनी तपासणीचा कागद दोनदा वाचला. "उंबऱ्यावर आहात. आत गेला नाहीत."

"म्हंजी काहिल उतरवायच्या येळंला आलोय."

"अगदी तसंच. पण उतरवायची तुम्हाला. औषध मी देते, रोज तासभर चालणं तुमचं. आणि गूळ बंद. चाखणंसुद्धा."

"न चाखणारा गुळव्या कुणी ठेवंल?"

"ते मालकांना विचारा."

मालकांना विचारायला ख्वाजाची जीभ उचलली नाही. सोमवारी पहिली काहिल रंगावर आली. हात जळतच होते. ख्वाजाने गोळी वळली, आणि बोटांवर भरवसा न ठेवता ती काहिलीच्या काठावर आपटली. आवाज बद्द आला, म्हणजे गोळी अजून मऊ. अमरसिंह बघत होते. दुसरी गोळी. टण्ण. त्याने हात वर केला.

गूळ थंड झाल्यावर रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा अमरसिंहांनी त्याच्यापुढे धरला. ख्वाजाने तो घेतला नाही.

"साखरंच्या उंबऱ्यावर हाय, मालक. चाखायची बंदी हाय. आजपास्नं तुम्हीच सांगा."

अमरसिंह तो तुकडा तोंडात टाकून चावत राहिले. ख्वाजा त्यांच्या जबड्याकडे बघत उभा राहिला.

"जमलाय," ते म्हणाले. "दुसरी काहिल चढवायची का?"

आता रोज सकाळी नजीरा आधी मोरी बघते. अजून दोन-चार मुंग्या असतात. मग ती ख्वाजाच्या चपला दारात सरळ करून ठेवते, आणि तो चालायला निघतो.