ओळीच्या टोकाचा गुलाब

फ्रान्समधल्या त्या द्राक्षमळ्यात वेलींच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाबाचं एक झाड होतं. मला वाटलं, शोभेसाठी असेल. मळ्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "रोग आधी गुलाबावर दिसतो. त्याची पानं पांढरी पडली की आम्ही वेलींकडे धावतो."

"छान युक्ती आहे, नाही?" नवरा हसून म्हणाला. मीही हसून "हो ना" म्हटलं. गेले आठ दिवस, तीन देशांत, आम्ही असेच गोड बोलत होतो. घरी परतल्यावर वेगळं व्हायचं ठरलं होतं. अकरा वर्षांच्या ईराला निदान ही सहल तरी सुखाची मिळावी, एवढीच धडपड. स्ट्रासबर्गला रस्ता चुकला, तरी कुणी आवाज चढवला नाही. एरवी पुण्याहून साताऱ्याला पोचेपर्यंत आमची दोन भांडणं व्हायची.

मी गुलाबापाशी रेंगाळले. एका पानावर पीठ सांडल्यासारखी बुरशी होती. वेली वाचाव्यात म्हणून हे झाड इथे उभं केलेलं. पण मग त्या गुलाबाचं पुढे काय करतात? बाईंना विचारायचं राहूनच गेलं.

गाडी निघाली. मागच्या सीटवर ईरा नखं कुरतडत होती. बोटांची टोकं लाल झाली होती. कधीपासून, कोण जाणे.

"एसी कमी करू का गं?" नवऱ्याने मला विचारलं.

"नको, ठीक आहे. थँक्यू."

ईराने तोंडातलं बोट काढलं.

"आई, तुम्ही दोघं आता भांडत का नाही?"