चौदा सेकंदांच्या पुढची नलूआत्या

नलूआत्या गेल्याची बातमी मला दुपारी सव्वाचार वाजता मिळाली. दौलतगंजात ती राहायची त्या घराखाली बांगड्यांचं दुकान आहे. दुकानदार रोज चार वाजता स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन वर जायचा. त्याने फोनवर सांगितलं, "भैया, आंटीजी उठ नहीं रही हैं।" मी विचारलं, शेवटचं कोणी पाहिलं, किती वाजता, दार आतून लावलेलं होतं का. त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि मग म्हणाला, "आप आ तो रहे हैं ना?" एका हिंदी दैनिकात तीस वर्षं काढल्यावर माणूस आधी प्रश्न विचारतो. आत्या असती तर म्हणाली असती, "प्रश्न मागून विचार, आधी नाडी बघ." नाडी डॉक्टरांनी बघितली. जेवून, भांडी विसळून, चष्मा काढून ती आडवी झाली होती आणि झोपेतच गेली. वय ब्याऐंशी. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कंपू भागातल्या एका रुग्णालयात तिने सिस्टर म्हणून सगळी नोकरी केली, त्यातला बराचसा काळ अपघात विभागात. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले. घरातल्या पुरुषांना लढायांच्या गोष्टी तोंडपाठ होत्या, आणि तेच पुरुष इंजेक्शन घ्यायची वेळ आली की दाराआड उभे राहायचे. आत्या त्यांना दंडाला धरून बाहेर काढायची. "तलवारी भिंतीवर टांगल्यात ना? मग ही तर सुई आहे, दादा." घरात तिला 'पत्थर' म्हणायचे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात स्वयंपाक्याच्या हातावर उकळतं तेल सांडलं. बायका किंचाळल्या, दोघे काका चक्कर येऊन बसले. आत्या पंगतीतून उठली, त्याचा हात बराच वेळ नळाखाली धरून ठेवला, स्वच्छ धोतराच्या फडक्यात गुंडाळला, त्याला रुग्णालयात पाठवलं आणि परत येऊन पानावर बसली. "मठ्ठा संपला का?" एवढंच तिने विचारलं.

या बाईला टीव्हीवरची मारामारी बघवत नसे. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा विश्वास बसत नाही. रविवारी सकाळी मी तिच्याकडे जायचो. ती पोहे करायची आणि आम्ही काहीतरी लावून बसायचो. पडद्यावर कोणी चाकू काढला की आत्याचा पदर डोळ्यांवर जायचा. "झालं का रे?" "झालं." "खोटं नको बोलू, अजून आवाज येतोय." कधी ती सरळ स्वयंपाकघरात निघून जायची आणि तिथून ओरडायची, "मेला की वाचला, तेवढंच सांग!" एकदा मी तिला चिडवलं. म्हटलं, आत्या, तू आयुष्यभर खरं रक्त पाहिलंस आणि या लाल रंगाला घाबरतेस? तिने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता उत्तर दिलं, "तिथे माझे हात चालायचे. इथे हात घालता येत नाही ना. नुसतं बघत बसायचं… ते मला नाही जमत." मी हसलो. वाक्य चांगलं आहे एवढं कळलं, पण ते माझ्याबद्दल असेल असं वाटलं नाही.

आमचं कार्यालय जयेंद्रगंजात आहे. गेली काही वर्षं माझ्याकडे वेबसाइटचं काम आहे. शहरात आणि आसपास जे काही घडतं त्याच्या चित्रफिती आधी लोकांच्या फोनवर फिरतात आणि मग आमच्याकडे येतात. बसची धडक, जिन्यावरून पडलेला माणूस, बाजारातली हाणामारी. यातलं काय चालवायचं, किती कापायचं, वर कोणतं चित्र लावायचं हे मी ठरवतो. सुरुवातीला काही चित्रफिती मी अर्ध्यातच बंद करायचो. नंतर पूर्ण पाहू लागलो, आणि मग समोसा खाता खाता. नेमकं कधीपासून, हे मला सांगता येत नाही. त्याची नोंद कुठेच नसते.

चार वर्षांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, अशीच एक फीत आली. दुकानाच्या कॅमेऱ्यातली, चौदा सेकंदांची. एक म्हातारी बाई वळणावर रस्ता ओलांडते, मागून ई-रिक्षा येते, बाई उडून कडेला पडते, भाजी विखुरते, दोघे तिघे धावतात, संपलं. मी ती तीनदा पाहिली: एकदा ठरवायला, एकदा चित्र निवडायला, एकदा शेवटची तपासणी म्हणून. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शिखाला दोन सूचना दिल्या. बाईच्या हातातल्या पिशवीवर आपल्याच पेपरचं नाव छापलंय, अपघाताच्या बातमीत ते बरं दिसत नाही, ते आधी ब्लर कर. मग चेहरा. मथळा मी स्वतः लिहिला: 'ई-रिक्शा की टक्कर से उछली वृद्धा, वीडियो देख दहल जाएँगे आप', म्हणजे बघून तुमचा थरकाप उडेल.

बाराला रुग्णालयातून फोन आला. तिथली एक सिस्टर, आत्याच्या हाताखाली शिकलेली. "नलू सिस्टर के भतीजे बोल रहे हैं? दौलतगंज के मोड़ पर ई-रिक्शा ने टक्कर मार दी है।" मी म्हणालो, "हाँ, वो तो मैंने देखा है।"

सिस्टर म्हणाली, "देखा है? तो आए क्यों नहीं?"

ती पिशवी मीच आत्याला दिवाळीत दिली होती.

कपाळाला सहा टाके, डावं मनगट मोडलेलं, बरगड्यांना मुका मार. वयाच्या मानाने थोडक्यात निभावलं. मी गेलो तेव्हा ती प्लास्टर घालणाऱ्याला सूचना देत होती. पहिले दोन दिवस मी तिला काही सांगितलं नाही. सकाळ-संध्याकाळ डबा नेला, औषधं आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि वॉर्डातल्या आयाचा फोन तिच्या उजव्या हातात होता. आयाने तिला कौतुकाने दाखवलं होतं, "अम्मा, ये तो आप हो!"

"नंदू, ये इकडे," आत्या म्हणाली. "हे बघ, हा निळ्या शर्टवाला. मला कसं उचलतोय! मान धरली नाही कोणी. मोडली असती म्हणजे?" पदर डोळ्यांवर गेला नव्हता, स्वतःचा अपघात ती शिकवणीसारखा बघत होती. मग तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे तुमच्या पेपरचं निशाण ना?"

"हो."

"कोणी लावला हा?"

"मी."

"बघून लावलास?"

"तीनदा बघून."

मी म्हणालो, "चेहरा नीट दिसत नव्हता, आत्या."

"चेहरा तूच पुसलास ना?"

"आधी पिशवी पुसली," मी सांगितलं. "मग चेहरा."

यावर तिला हसू फुटलं आणि लगेच तिने बरगड्या धरल्या. "हसवू नको मेल्या, दुखतं." हसू ओसरल्यावर तिने मथळा मोठ्याने वाचला. "दहल जाएँगे आप… तू दहललास?"

"नाही."

"मग लोकांना कशाला सांगतोस?"

आया फोन घेऊन गेली. आत्याने डोळे मिटले, आणि मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. ती बोलली, पण आवाज वेगळा होता. "मला राग नाही आला, नंदू. काळजी वाटली. वॉर्डात नवीन मुली यायच्या, पहिला महिना रडायच्या. मग रडणं थांबायचं. त्यांची मला कधी चिंता नव्हती, हात चालू लागले की रडू आपोआप मागे पडतं. चिंता वाटायची त्या एखादीची, जी भिंतीला टेकून नुसती बघायला शिकायची. तिला मी दुसऱ्या दिवशी बेडपॅनला लावायची. कामाला लाव, हात घाण कर, मग येते ताळ्यावर." तिने एक डोळा उघडला. "तुला कुठे लावू, सांग."

मग तीच म्हणाली, "फोन लाव ऑफिसात. त्या चौदा सेकंदात मी मेले की जगले, काही पत्ता लागतोय का? लोक समजत असतील, गेली बुढ्ढी. लिहायला सांग, म्हातारी जिवंत आहे, बसून खिचडी खातेय आणि खिचडीत मीठ कमी आहे."

मी शिखाला फोन लावला. शिखाने विचारलं, "सर, नमक वाली लाइन भी?" आत्याने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "वही तो खबर है, बेटा।"

यातून जी पद्धत सुरू झाली ती आमच्याकडे अजून चालू आहे. माणूस पडलेला, जखमी झालेला दिसत असेल, तर तो आता कसा आहे हे कळल्याशिवाय फीत चालवायची नाही. संपादकांनी आधी विरोध केला. तोपर्यंत बाकीचे सगळे चालवून मोकळे होतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही ठरलं. आम्ही अनेकदा मागे पडलो. काही फिती पत्ता न लागल्यामुळे टाकूनच दिल्या. काही वेळा पुढचं कळलं ते वाईट होतं. मग आम्ही चित्रफीत न लावता साधी बातमी दिली, नावासकट. मथळ्यातून 'दहल' हा शब्द गेला. तो कोणी बंद केला नाही. फोन करून झाल्यावर तो लिहायला हात धजत नसे.

घरी आल्यावर आत्या आमची अनधिकृत वार्ताहर झाली. वॉर्डातल्या निम्म्या सिस्टर तिच्या शिष्या. संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. "आज कोण?" मी सांगायचो, दहा मिनिटांत तिचा उलट फोन यायचा. "ते 'गंभीर' लिहिलंय ते काढ. गंभीर कसला, बिडी मागून राहिलाय." एकदा एका गवंड्याबद्दल आम्ही 'हालत स्थिर' लिहिलं, तर म्हणाली, "स्थिर म्हणजे काय रे? खांब आहे का? लिही, बायकोला ओळखलं." दुसऱ्या दिवशी त्या गवंड्याच्या भावाने ती बातमी वाचून कार्यालयात पेढे आणले. पेढे आत्याकडे गेले. तिने त्यातले दोन खाल्ले, बाकीचे वॉर्डात पाठवले आणि मला सांगितलं की खवा जरा जास्त भाजलाय.

रविवारचे पोहे चालू राहिले. पदर डोळ्यांवर घेणंही चालू राहिलं. एका रविवारी पडद्यावर कोणीतरी छतावरून पडला आणि माझा हात नकळत रिमोटवर गेला, मी टीव्ही बंद केला. आत्याने पदराआडून विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "माहीत नाही. मी बंद केला." तिने पदर काढला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, जसं ताप उतरलेल्या माणसाकडे बघावं तसं, आणि माझ्या पानात आणखी पोहे वाढले. तिच्या मानाने हे फार होतं.

तिचं घर आता आवरून झालं. भांडी, कपडे ज्याला त्याला गेले. माझ्या वाट्याला एक पुठ्ठा आला. मिठाईच्या खोक्याचं झाकण, त्यावर तिच्या ठळक, एकसारख्या अक्षरात सगळ्या वॉर्डांचे नंबर आणि प्रत्येकासमोर सूचना. 'दोन ते अडीच फोन करू नये, ड्यूटी बदलते.' 'या सिस्टरला आधी तिच्या मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारणे.' 'हा वॉर्डबॉय खोटं बोलतो, दुसऱ्याला विचारणे.' तो पुठ्ठा मी शिखाच्या टेबलामागच्या भिंतीला चिकटवला.

गेल्या आठवड्यात दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडलेल्या एका माणसाची फीत आली. शिखाने पुठ्ठ्यावरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून विचारलं, कौन? शिखा म्हणाली, "नलू आंटी वाले पेपर से।" पलीकडून उत्तर आलं, "अच्छा। रुकिए, देखकर आती हूँ।" चपलांचा आवाज दूर गेला, एक ट्रॉली सरकली, कोणीतरी खोकलं. आम्ही दोघं थांबलो. चपलांचा आवाज परत जवळ आला. "दायाँ पैर टूटा है। बाकी ठीक है। सबसे झगड़ रहा है कि मेरी एक चप्पल कहाँ गई।"

शिखाने फोन ठेवला, टाइप केलं आणि विचारलं, "सर, चप्पल वाली लाइन रखूँ?"

मी म्हणालो, "रखो। और फिर से फोन लगाओ, पूछो, मिली क्या।"