आबांच्या सदऱ्यावरची टिकली

"नाय गो, ती मॅडम कुठली बोलायला! नुसती चित्रं दाखवते न् गप बसते."

शाळेच्या पडवीत खिचडी शिजवणाऱ्या मावशी कुणाला तरी सांगत होत्या. मी आत वर्गात पुस्तकं मांडत होते. मला ऐकू येतंय हे त्यांना ठाऊक असावं, पण त्यांनी आवाज कमी केला नाही.

"मंग माझ्या नातीच्या डोक्यात ह्ये भरवलं कोनी?" दुसरा आवाज म्हणाला.

मी पुस्तकं पुन्हा एकदा सरळ केली. ती आधीच सरळ होती.

दर शनिवारी मी महाडहून एसटीने पोलादपूरला आणि तिथून रिक्षाने या वाडीच्या शाळेत यायचे. पहिली-दुसरीच्या मुलांना पर्यावरणावरची चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची, एवढंच काम. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. घरात मराठीच बोलतो, पण मोठ्याने वाचताना मी अडखळते आणि मुलं ते लगेच पकडतात. म्हणून मी चित्रांवर भिस्त ठेवली. बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. चांगल्या कामाच्या चित्राला हिरवी टिकली, वाईट कामाच्या चित्राला लाल. फारसं बोलावं लागत नसे. मुलांना हा खेळ आवडला आणि मलाही.

आधीच्या शनिवारच्या पुस्तकात एक पान आगीचं होतं. डोंगराच्या पायथ्याशी काडी टाकणारा म्हातारा, धूर, उडून जाणारे पक्षी. सगळ्यांनी लाल टिकली लावली. दुसरीतली एक मुलगी मात्र थांबली.

"मॅडम, आमचा आबा पन भाजतो," ती म्हणाली.

काय भाजतो, हे विचारायला हवं होतं. मी तिच्या तळहातावर एक लाल टिकली ठेवली आणि पुढच्या पानाकडे वळले. ती टिकली तिने चित्राला लावली नाही. घरी नेली.

हे मला आत्ता, तिच्या आजीकडून कळत होतं. आजी पडवीतून येऊन वर्गाच्या उंबऱ्याशी बसल्या. नात आत, भिंतीला टेकून उभी.

"आबाच्या सदऱ्याला पाठीमागं चिकटवली हिनं. तसाच दुकानापातूर जाऊन आला तो. लोकं इचारतात, काय रे म्हाताऱ्या, टिकली लावून कुठं चाललास? घरी आल्यावर ही सांगते, आबा, तू वाईट हायस."

आबा आधी हसले म्हणे. मग त्यांनी राब भाजायचं थांबवलं.

भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या तुकड्यावर शेण, पाला आणि वाळक्या फांद्या पसरून भाजतात, तो राब. तण जळतं, राखेवर रोप जोमाने येतं. महाडमध्ये वाढलेली मी दर उन्हाळ्यात डोंगरउतारांवरचा तो धूर पाहत आले होते. सगळा धूर वणव्याचा, असं मी धरून चालले होते.

"काडीपेटी हातात घेतली का ही रडते," आजी म्हणाल्या. "राब तसाच पडलाय. पाऊस आला म्हंजे भिजून जाईल, मंग रोपं कशी व्हायाची? आग भायेर जाऊ नये म्हनून कडा खरवडून घेतो तो आधी. हिरवा टहाळा घेऊन उभा ऱ्हातो, आग निवंपातूर हलत नाय. आनि त्यालाच ही वाईट म्हनते. आठ दिस बोलली नाय त्याच्याशी. त्ये जास्ती लागलंय त्याला."

मावशी डाव हातात घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सांगा की मॅडम. का इंग्रजीत सांगनार?"

"गप गो तू," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाय, हिला सांग, पुस्तक खोटं हाय. तुझं ऐकंल ती."

तसं म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण त्याच सकाळी रिक्षातून मी कशेडीकडच्या उतारावर वणव्याने काळा पडलेला पट्टा पाहिला होता. तिथे कुणी टहाळा घेऊन उभं राहिलं नसणार. मुलगी पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी ते पान उघडलं. मागच्या शनिवारी मुलांना दाखवलं होतं, स्वतः नीट पाहिलं नव्हतं. चित्रातल्या म्हाताऱ्याने आगीकडे पाठ केली होती. तो निघून चालला होता.

मी पुस्तक मुलीसमोर धरलं. त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं.

"पुस्तक खोटं नाही," मी म्हणाले. "पण हा माणूस आग लावून चाललाय, बघ. तुझे आबा उभे राहतात. ती टिकली मी न विचारताच तुला दिली. आज घरी गेलीस की आबांना सांग, मॅडमचं चुकलं."